आइल रॉयलला नांगर टाकताना: लेक सुपीरियरमधल्या निर्जन बेटावर शिडाच्या बोटीने मुक्काम

नांगर पडतो तेव्हाचा वारा पाहून जागा ठरवणारे बरेच असतात. उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या प्रचंड सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर मात्र जागा ठरवायची ती पहाटे तीन वाजता सुटणाऱ्या वाऱ्याकडे पाहून. संध्याकाळी आरशासारखी वाटणारी खाडी वारा फिरला की चार-पाच तासांत लाटांचा बोळ होते, आणि तिथे मदतीला येणारं जवळ कुणी नसतं. या लेखातला प्रत्येक टप्पा या एकाच गोष्टीभोवती फिरतो.

ज्यांना शिडाची बोट चालवता येते, पण गजबजलेल्या बंदरांपलीकडे नांगरावर फारशा रात्री काढलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मिनेसोटा, मिशिगन, शिकागो, टोरोंटो या भागांत राहणारी आणि ग्रेट लेक्सवर शीड उभारणारी मराठी मंडळी आता भेटू लागली आहेत. त्यातल्या काहींनी पहिले धडे मुंबई-मांडव्याच्या पाण्यात घेतलेले असतात. त्यांच्या सवयी कुठे कामाला येतात आणि कुठे बदलाव्या लागतात, हेही ओघात येईल.

बेटाची ठेवण आधी डोक्यात बसवा

आइल रॉयल साधारण ७२ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १४ किलोमीटर रुंद आहे. ते नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं आहे. राजकीयदृष्ट्या ते मिशिगन राज्यात येतं, पण मिशिगनच्या किवेनॉ द्वीपकल्पावरच्या कॉपर हार्बरपासून ते सुमारे ९० किलोमीटर दूर आहे, तर मिनेसोटा आणि ऑन्टारियोचा किनारा २०-२५ किलोमीटरवर. भोवती शेकडो लहान बेटं आणि खडक आहेत. अमेरिकी काँग्रेसने १९३१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यानाला मंजुरी दिली, आणि १९७६ मध्ये बेटाची जवळजवळ सगळी जमीन कायद्याने संरक्षित रान ठरली.

नांगर टाकणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे तो इथला दगड. सह्याद्रीसारखाच लाव्हाचा बेसाल्ट, पण साडेसहा कोटींच्या आसपासचा नव्हे, तर सुमारे एक अब्ज दहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्रीत हे थर जवळजवळ आडवे राहिले. इथे ते आग्नेयेकडे कलले. त्यामुळे एकामागोमाग एक समांतर डोंगररांगा झाल्या, त्यांची वायव्येकडची बाजू ताशीव आणि आग्नेयेकडची उतरती. रांगांमधल्या खोलगट पट्ट्यांत पाणी शिरलं, त्याच या लांब, अरुंद खाड्या.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, बऱ्याच खाड्यांचा अक्ष नैऋत्य-ईशान्य आहे, म्हणून या दोन दिशांचा वारा डोंगरांमध्ये सापडून आणखी जोराने वाहतो. दुसरी, प्रत्येक टोकाची रांग पाण्याच्या वर संपली तरी पाण्याखाली त्याच दिशेने पुढे चालू असते. टोक जवळून वळसा घालून ओलांडायचा मोह झाला, तर तो खडक तुमच्या किलाखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखाली, येतो. तिसरी, ताशीव बाजूला किनाऱ्यापासून हाताच्या अंतरावरही नांगर टाकता येणार नाही एवढं खोल असू शकतं. नकाशा पाहताना आधी जमिनीवरच्या रांगा पाहा, मग त्या रेषा पाण्यात पुढे वाढवून पाहा. अनेक खडक नेमके त्या रेषांवर सापडतील.

भरती-ओहोटी नाही, पण पाणी स्थिरही नाही

मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं आणि त्या हिशेबाने साखळी सोडायची सवय हातात बसलेली असते. लेक सुपीरियरमध्ये चंद्रामुळे होणारा फरक पाच सेंटिमीटरहूनही कमी असतो. तरी पाणी हलतं. जोराचा वारा किंवा हवेच्या दाबातला झपाट्याचा बदल सगळ्या सरोवराचं पाणी एका बाजूला लोटतो, आणि ते मग मागेपुढे हेलकावत राहतं. अरुंद खाडीच्या टोकाशी हा फरक एखाद्या फुटाचा होऊ शकतो आणि खाडीच्या चिंचोळ्या तोंडातून त्याचा प्रवाहही जाणवतो. वारा नसताना बोट नांगरावर उलट्या दिशेला तोंड करून उभी दिसली, तर गोंधळू नका, हाच प्रवाह असतो.

नकाशावरची खोली ठरावीक नीचतम पातळीपासून मोजलेली असते. लेक सुपीरियरसाठी ती समुद्रसपाटीपासून १८३.२ मीटर धरतात. सरोवराची प्रत्यक्ष पातळी ऋतूप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे त्याहून वर किंवा खाली असते. निघण्याआधी त्या आठवड्याचा आकडा पाहून ठेवा. नकाशात खोली फुटांत आहे की मीटरमध्ये, तेही त्याच वेळी तपासा. ग्रेट लेक्सच्या मार्गदर्शिकांमधला मैल समुद्री नसून जमिनीवरचा, १.६ किलोमीटरचा असतो, हेही लक्षात असू द्या.

निघण्यापूर्वी

उद्यान १६ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढंच उघडं असतं. शिडाच्या बोटीला माझ्या मते जूनचा मध्य ते ऑगस्टचा मध्य हाच काळ. जूनमध्ये उबदार हवा थंडगार पाण्यावर येते आणि दाट धुकं धरतं. ऑगस्ट सरत आला की वादळांची वारंवारता वाढते. मी जुलैचा उत्तरार्ध निवडेन.

धक्क्याला राहा किंवा नांगरावर, रात्रीच्या मुक्कामाला उद्यानाचा परवाना लागतो. पाळीव प्राणी बोटीवरसुद्धा चालत नाहीत. उद्यानाची हद्द बेटांच्या बाहेर साडेचार मैल पाण्यात जाते आणि हा नियम तिथपासून लागू होतो. तो अकारण नाही: १९८० मध्ये बेटावर ५० लांडगे होते, कुत्र्यांमधून आलेल्या पार्व्हो विषाणूच्या साथीनंतर १९८२ मध्ये १४ उरले. पुढे ती संख्या दोनवर आली आणि २०१८ पासून बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. थंडर बेहून, म्हणजे कॅनडातून येत असाल, तर अमेरिकेत प्रवेशाची नोंद आधी करावी लागते, मगच कुठल्याही खाडीत मुक्काम.

आणखी एक बारीक गोष्ट. बेटावर ईस्टर्न वेळ चालते, मिनेसोटात सेंट्रल. हवामानाच्या अंदाजातली वेळ कुठली, हे ठरवताना एका तासाची गफलत झाली तर ती वाऱ्याच्या फिरण्याच्या वेळेतच होते.

बहुतेक खाड्यांत मोबाइल चालत नाही. व्हीएचएफ रेडिओ, शक्यतो डोलकाठीच्या टोकावरच्या अँटेनासह, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं एखादं यंत्र, दोन्ही न्या. डोंगररांगेआड व्हीएचएफही मुका होतो, म्हणून खाडीत शिरण्याआधी उघड्या पाण्यातच ताजा अंदाज ऐकून लिहून घ्या. इंधन ईशान्य टोकाजवळचं रॉक हार्बर आणि नैऋत्य टोकाजवळचं विंडिगो या दोनच ठिकाणी मिळतं; डिझेल कुठे आहे, ते निघण्याआधी विचारून घ्या.

नांगर आणि साखळी

साधारण ३५ फुटी बोट धरून बोलतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या जुन्या, सावध तक्त्यात एवढ्या बोटीचा ३० नॉट (तासाला सुमारे ५५ किलोमीटर) वाऱ्यात नांगरावरचा ओढा ९०० पौंड, म्हणजे ४०० किलोच्या आसपास धरला आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो. १५ नॉटमध्ये व्यवस्थित धरलेला नांगर ३० नॉटमध्ये धरेलच, हे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.

मुख्य नांगर १६ ते २० किलोचा, आधुनिक टोकदार फाळाचा असावा. आइल रॉयलच्या तळाशी चिखल, माती, पाणवनस्पती, गोटे आणि बुडालेले ओंडके हे सगळं एकाच खाडीत सापडू शकतं, आणि असा नांगर वनस्पतींच्या थरातून खाली जातो. दुसरा नांगर हलका, ॲल्युमिनियमचा, दोन पात्यांचा घ्या. चिखलात तो विलक्षण धरतो आणि डिंगीतून (बोटीबरोबरच्या छोट्या होडीतून) नेऊन टाकता येतो. मुख्य नांगराला ८ मिलिमीटर जाडीची ५० मीटर साखळी आणि पुढे ४० मीटर नायलॉनचा दोर. साखळी जड म्हणून बोट राहते, हा समज वादळात उपयोगी पडत नाही. ३० नॉटच्या पुढे साखळी जवळजवळ ताठ होते, आणि मग कामाला येतो तो फक्त सोडलेल्या लांबीमुळे मिळालेला कोन. हा कोन जितका तळाला जवळ, तितका नांगर खोल रुततो.

साखळीवर दर पाच मीटरला रंगाची खूण करा. अंधारात, पावसात, हातमोजे घालून किती साखळी गेली हे ओळखता आलं पाहिजे.

वारा वाचणं

उन्हाळ्यात इथे कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. ते केंद्र तुमच्या उत्तरेकडून गेलं, तर आधी दक्षिण-नैऋत्य वारा, मग थंड हवेची आघाडी ओलांडताच तो झटक्यात वायव्येला फिरतो. केंद्र दक्षिणेकडून गेलं, तर वारा पूर्वेकडून ईशान्येला, मग उत्तरेला आणि शेवटी वायव्येला जातो. या दुसऱ्या प्रकाराला इथे सगळ्यात जास्त मान द्यावा. ईशान्य वारा सरोवराच्या लांब पाण्यावरून येतो, दीड-दोन दिवस टिकू शकतो आणि बेटाच्या बऱ्याच खाड्या त्याच दिशेला उघड्या आहेत.

म्हणून अंदाज ऐकताना वाऱ्याचा वेग नंतर लिहा, आधी पुढच्या २४ तासांतल्या दिशा लिहा. अमेरिकी हवामान खात्याची स्वयंचलित केंद्रं बेटाच्या दोन टोकांजवळ आहेत: नैऋत्येला रॉक ऑफ एजेस दीपगृहावर, ईशान्येला पॅसेज आयलंडवर. रॉक ऑफ एजेसला वारा फिरलेला दिसला आणि पॅसेज आयलंडला अजून नाही, तर आघाडी बेटावरून सरकते आहे, हे लगेच कळतं.

आता जागा. मॅकार्गो कोव्ह उत्तर किनाऱ्यावर आहे, लांब आणि अरुंद, आणि तोंडाशीच बर्च आयलंड आडवं असल्यामुळे बाहेरची लाट आत येत नाही. चिपेवा हार्बर दक्षिण किनाऱ्यावर, चिंचोळ्या तोंडाचं. आत गेलं की चहूबाजूंनी आडोसा. डंकन बेमध्ये डंकन नॅरोजमधून शिरावं लागतं. आत वारा जाणवतो, लाट नाही. मला विचाराल तर अंदाज संशयास्पद असताना या तिघांशिवाय चौथीचा विचार करू नये.

मॉस्की बेसिन फार सुंदर आहे, नैऋत्य ते वायव्य वाऱ्यात निवांत. पण ते रॉक हार्बरच्या लांबट पाण्याच्या नैऋत्य टोकाला आहे. ईशान्य वारा ती सगळी लांबी धावत तुमच्यापर्यंत येतो. टॉड हार्बर उत्तर-वायव्येला उघडं आहे, दक्षिणेचा वारा टिकणार असेल तरच. वॉशिंग्टन हार्बरमध्ये नैऋत्य वारा सरळ आत घुसतो. सिस्किविट बे रुंद आहे आणि पूर्वेला उघडा, त्यामुळे मोठं पाणी आत येतं. टोबिन हार्बरमध्ये समुद्रविमानं उतरतात, त्यांची पट्टी मोकळी ठेवा.

रोज दोन जागा ठरवा: एक जायची, एक पळायची. पळायची जागा अशी हवी की जिथे अंधारातही, आधी नोंदवलेल्या मार्गाने, पोचता येईल.

आत शिरताना

शक्यतो दुपारनंतर, सूर्य पाठीशी किंवा डोक्यावर असताना शिरा. जूनअखेर बेटावर रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करायला कारण नसतं. उघड्या सरोवराचं पाणी नितळ आहे, काही मीटर खालचा गोटा स्पष्ट दिसतो. खाड्यांच्या आतल्या टोकाला मात्र दलदलीतून येणारं पाणी तपकिरी असतं आणि दोन मीटरखालचा ओंडकाही दिसत नाही. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, पोलराइज्ड भिंगाचा चष्मा घातलेला एक माणूस उभा करा. हाताच्या खुणा आधी ठरवा, कारण इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही.

शिडं उतरवून बांधा, पण मोठं शीड चटकन वर चढेल असं ठेवा. इंजिन इथे अचानक बंद पडलं, तर खडक आणि तुमच्यामध्ये उभं असतं ते शीडच. वेग दोन-तीन नॉट. तोंडातून आत जाताना टोकाला चिकटू नका, खाडीच्या अक्षावरून जा. जीपीएसवर उमटलेला आत जाण्याचा मार्ग जतन करा, रात्री बाहेर पडायची वेळ आली तर तोच उलटा वापरायचा.

विंडिगोकडे जाताना वॉशिंग्टन हार्बरच्या नॉर्थ गॅपमध्ये ७ जून १९२८ ला बुडालेली 'अमेरिका' ही आगबोट आहे. तिची नाळ पाण्याच्या पृष्ठभागाखाली अगदी थोड्या फुटांवर आहे. तिथला बोया ओळखून लांबून जा. बुडालेल्या जहाजांवर नांगर टाकायला मनाई आहे, पाण्याखाली डुबकी मारणाऱ्यांसाठी वेगळे बोये बांधलेले आहेत.

नांगर टाकणं

घाईघाईने नांगर सोडणारे इथेच चुकतात, म्हणून हे सावकाश करा.

आधी निवडलेल्या जागेभोवती एक पूर्ण चक्कर मारा. त्रिज्या किती? सोडणार असलेली साखळी अधिक बोटीची लांबी. समजा खोली ६ मीटर, नाळेवरचा रोलर पाण्यापासून १.२ मीटर वर. हिशेब ७.२ मीटरपासून सुरू करायचा, ६ पासून नाही. साध्या रात्रीसाठी पाचपट म्हणजे ३६ मीटर, वारा येणार असेल तर सातपट, म्हणजे ५० मीटर. ३६ मीटर साखळी आणि साडेदहा मीटर बोट धरली, तर नांगराभोवती सुमारे ४६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही तुम्ही रात्री जाऊ शकता. या सगळ्या वर्तुळात तुमच्या किलाच्या खोलीपेक्षा किमान दीड मीटर जास्त पाणी हवं. खोलीमापकाचा आकडा पृष्ठभागापासून आहे की किलाखालून, हे बंदरातच तपासून ठेवलेलं असावं.

तळ कसला आहे? नकाशात चिखलासाठी 'एम', वाळूसाठी 'एस', खडकासाठी 'आर' आणि वनस्पतींसाठी 'डब्ल्यूडी' अशी अक्षरं असतात, पण खाडीच्या आत ती विरळच. जुना उपाय अजून खात्रीचा आहे: दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला ग्रीस लावा आणि तळावर टेकवून वर काढा. चिखल चिकटून आला तर उत्तम. काहीच चिकटलं नाही आणि हाताला टणक ठोका जाणवला, तर पुढे सरका.

ओंडक्यांची शंका असेल तर नांगराच्या डोक्याला एक वेगळा दोर बांधून त्याला छोटा बोया लावा. नांगर अडकला तर तो या दोराने मागून ओढता येतो. दोराची लांबी खोलीपेक्षा थोडीच जास्त ठेवा, नाहीतर तो स्वतःच्याच पंख्यात अडकतो.

आता वाऱ्याच्या तोंडावर सावकाश या. जिथे नांगर हवा तिथे बोट पूर्ण थांबू द्या. ती मागे सरकायला लागली की मगच नांगर खाली सोडा, हाताने किंवा विंडलासने (साखळी ओढायच्या यंत्राने), पण ढिगाऱ्यासारखी साखळी एकदम ओतू नका. नांगराने तळ गाठला की बोट मागे जाईल तशी साखळी त्याच्यापुढे सरळ अंथरली गेली पाहिजे. खोलीच्या तिप्पट गेल्यावर साखळी धरून ठेवा. नाळ वाऱ्याकडे वळली म्हणजे नांगराने चावा घेतला. मग पाचपटीपर्यंत सोडा आणि एक मिनिट थांबा. चिखलात हे थांबणं फार उपयोगाचं आहे. नांगर स्वतःच्या वजनाने आत बसतो.

त्यानंतर इंजिन मागे. सुरुवात अगदी हळू, मग हळूहळू वाढवत अर्ध्याहून थोडं जास्त. एक हात किंवा पाय साखळीवर ठेवा. गुळगुळीत ताण म्हणजे रुतला आहे. थरथर, टक-टक, सैल-ताण असं जाणवलं तर नांगर गोट्यांवरून घसरतो आहे. त्याच वेळी बाजूला, साधारण काटकोनात, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा: पुढे एखादा खडक, मागे उंच स्प्रूसचं झाड. पूर्ण मिनिटभर इंजिन मागे ओढत असताना त्या दोन खुणा एकमेकींपासून हलल्या नाहीत, तर नांगर बसला. हलल्या, तर उचलून पुन्हा टाका. दोनदा तळाने नाकारलं तर जागा बदला. तिसऱ्यांदा कसाबसा धरलेला नांगर रात्री सोडतो.

शेवटी साखळीला ८-१० मीटरचा नायलॉनचा दोर अडकवून तो नाळेवरच्या खुंटाला बांधा आणि साखळी थोडी सैल करा. झटके नायलॉन झेलतं, विंडलास नाही.

इंजिन चालत नसेल तर? फक्त पुढच्या शिडावर या, वाऱ्याच्या तोंडावर वळा, शीड खाली घ्या आणि बोट थांबून मागे सरकू लागेपर्यंत धीर धरा. नांगर टाकल्यावर मोठं शीड चढवून त्याची आडवी काठी हाताने वाऱ्याविरुद्ध बाहेर रेटून धरली, तर बोट मागे ढकलली जाते आणि नांगर रुततो. इंजिन शाबूत असताना एकदोनदा याचा सराव करून ठेवा.

अरुंद खाडीत दोन नांगर

मॅकार्गो कोव्हसारख्या खाडीत ९०-१०० मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ प्रत्येक वेळी मिळत नाही, विशेषतः आधीच दुसरी बोट असेल तर. साखळी कमी सोडून जागा वाचवणं हा चुकीचा मार्ग. इथे डोंगरांची ठेवण तुमच्या मदतीला येते. वारा खाडीत बहुतेक अक्षाच्याच दिशेने, या बाजूने किंवा त्या बाजूने वाहतो. म्हणून दोन नांगर, दोन्ही नाळेवरून, अक्षाच्या दोन दिशांना टाका.

पहिला नांगर नेहमीप्रमाणे रुतवा. मग साखळी सोडत दुप्पट अंतर मागे जा आणि दुसरा तिथे टाका. पहिल्याची साखळी आत घेत, दुसऱ्याचा दोर सोडत मध्यावर या. आता वारा ईशान्येचा असो की नैऋत्येचा, बोट एका नांगरावर ताणून उभी राहते आणि जवळजवळ एका जागी फिरते. दुसऱ्याचा दोर वजन लावून किलाच्या खाली जाईल असा ठेवा. सकाळी दोर साखळीभोवती गुंडाळलेला असू शकतो, तो सोडवायला वेळ धरून ठेवा. शेजारची बोट एकाच नांगरावर असेल तर तिच्या लोकांना आधी सांगा, कारण ती तुमच्यापेक्षा मोठ्या वर्तुळात फिरणार आहे.

किनाऱ्यावरच्या झाडांना दोर बांधू नका. खडकावर मातीचा पातळ थर आहे, वादळात झाड मुळांसकट उपटतं, आणि संरक्षित रानातल्या झाडाला ते सोसायला लावणं योग्यही नाही.

रात्र

सूर्य मावळल्यावर चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा लावा. आसपास कुणी नाही म्हणून तो टाळू नका. धुक्यात बोटी आडोशाला येतात. जीपीएसचा नांगर-गजर लावताना त्याचं केंद्र नांगर पडलेल्या जागी असू द्या, तुमच्या झोपायच्या जागी नाही. गजराबरोबर किनाऱ्यावरच्या दोन-तीन ठळक वस्तूंचे होकायंत्रावरचे कोन कागदावर लिहून ठेवा. अंधारात पाणी आणि डोंगर यांच्या कडा तेवढ्या दिसतात, म्हणून डोंगराची खिंड किंवा टोक अशा खुणा निवडा.

वारा वाढणार असेल तर साखळी झोपण्याआधी सोडा. पहारा ठेवा. दोघं असाल तर तीन-तीन तासांचा पुरे. कपडे, जीवनजाकीट, इंजिनाची किल्ली आणि डोक्याला बांधायचा दिवा एकाच ठरलेल्या जागी ठेवा.

नांगर घसरला तर

बोट वाऱ्याला आडवी होत पुन्हा सरळ होते, साखळीत धडधड जाणवते, लिहून ठेवलेले कोन बदलतात. पहिलं काम इंजिन सुरू करणं. मागे जागा असेल तर साखळी आणखी सोडा, पण झटका न देता. मागे खडक जवळ असेल तर सोडत बसू नका, इंजिनाने पुढे जाऊन ताण काढा, नांगर उचला आणि पुन्हा टाका किंवा पळायच्या जागेकडे निघा. उचलायला वेळच नसेल तर साखळीच्या टोकाला बोया बांधून ती सोडून द्या. म्हणूनच साखळीचं आतलं टोक बोटीला लोखंडी कडीने कधीच बांधू नये. डेकवर येईल एवढ्या लांबीच्या दोराने बांधावं, म्हणजे सुरीने कापता येतं.

किनाऱ्यावर जाताना

डिंगीत जीवनजाकीट अंगातच हवं. जूनमध्ये उघड्या सरोवराचं पाणी ४ अंशांच्या आसपास असतं. थंड पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध जाईपर्यंत साधारण एक तास, असा ढोबळ हिशेब शिकवतात. दहा मिनिटांत परत डिंगीत चढायचं असतं, त्यामुळे चढायची दोरीची शिडी आधीच बांधलेली असावी. बोटीवर एक तरी माणूस राहू द्या, विशेषतः पहिल्या दोन तासांत.

बेटावरचं पाणी उकळून किंवा ०.४ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळूनच प्या. लांडगे आणि मूस (मोठ्या शिंगांचं अवाढव्य हरीण) यांच्यात फिरणाऱ्या फीतकृमीची अंडी त्यात असू शकतात आणि क्लोरीनच्या गोळ्यांनी ती मरत नाहीत. लून पक्षी पाण्याच्या अगदी कडेला घरटं करतात. कडेवर बसलेला पक्षी दिसला तर तो कोपरा सोडून नांगर टाका, तो उठला की अंडी थंड पडतात. काळ्या माश्या आणि डासांपासून मात्र किनाऱ्यापासून लांब, वारा लागेल असं उभं राहिलं की बरीच सुटका होते.

उचलताना

निघण्याआधी अंदाज ऐका. धुकं असेल तर थांबा. किवेनॉकडे परतायचं ९० किलोमीटरचं पाणी आणि मध्ये मालवाहू जहाजांचा मार्ग आहे. इंजिन गरम करून घ्या. विंडलासने बोट ओढू नका. इंजिनाने हळू पुढे जा आणि सैल होणारी साखळी फक्त गोळा करा. साखळी उभी झाली की खुंटाला धरा आणि दोन-चार मिनिटं द्या. बोटीचं खालीवर होणं नांगर सोडवतं. नाही सुटला तर हळू पुढे जाऊन, ज्या दिशेने रुतवला त्याच्या उलट ओढा. ओंडक्यात किंवा खडकाच्या भेगेत अडकला असेल, तर साखळी सैल करून बोया लावलेल्या दोराने मागून उचला.

चिखल आणि वनस्पती तिथल्या तिथेच, त्याच खाडीच्या पाण्याने ब्रश मारून धुवा. झेब्रा शिंपले आणि काटेरी पाणपिसू यांसारखे परके जीव एका पाण्यातून दुसऱ्यात बोटींबरोबरच पसरतात. म्हणून बेटाकडे निघण्याआधी घरच्या बंदरातही साखळीचा कप्पा, डिंगी आणि दोर धुवून पूर्ण वाळवून घ्या.